सात निळ्या टोप्या

त्या दिवशी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मला जी भीती वाटली, ती माझ्या नावाची होती. भावाची भीती वाटायला आणखी पंचवीस मिनिटं जावी लागली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही धावपळ करताना दिसले तरी कुणी माझं कौतुक करायला जाऊ नये.

मी जिवाणू सांभाळते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर आहे. त्यात करंगळीएवढ्या कुप्यांमध्ये आमचे सगळे जिवाणू गोठवून ठेवलेले असतात, आणि त्या फ्रीझरची किल्ली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. कुणाला काही हवं असलं की माझ्याकडे यावं लागतं, आणि मी दोन प्रश्न जास्तच विचारते. पाठीमागे मला टोपीबाई म्हणतात, तेही ठाऊक आहे. टोप्यांचा नियम माझाच. कुपीवर नंबर लिहिलेला असतो, पण बाहेर काढल्या काढल्या तिच्यावर बर्फाची साय धरते आणि नंबर दिसेनासा होतो. पुसत बसलं तर आतला माल वितळतो. म्हणून टोपी बघायची. निळी म्हणजे बंद, लाल म्हणजे उघडे. नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी मी एवढंच घोकून घेते.

बंद काय आणि उघडे काय, ते सांगते. आमचा जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याच्या पोटात त्याहून कितीतरी लहान अशा डब्या असतात, प्रथिनांच्या. सहा कोपऱ्यांच्या फरशा एकमेकींना लागून बसतात, जिथे वळण घ्यायचं तिथे पाच कोपऱ्यांची एखादी, आणि चहूबाजूंनी बंद अशी डबी तयार होते. आत विकरं भरलेली. विकर म्हणजे कामकरी प्रथिन, एका रसायनाचं दुसरं करणारं. त्यातल्या काही विकरांना एक बारीकशी शेपटी असते, पत्त्याच्या चिठ्ठीसारखी. ती शेपटी डबीच्या भिंतीला आतून बिलगते, म्हणून ती बरोबर आत जातात आणि सोबतच्यांनाही ओढून नेतात. कुणी सांगायला लागत नाही. माणसांपेक्षा बरे.

आता एवढा बंदोबस्त कशासाठी? तर आतलं पहिलं विकर कच्च्या मालापासून जे रसायन बनवतं, ते विष असतं. अल्डिहाइड. आम्ही त्याला झोंबरं म्हणतो, कारण नाकाडोळ्यांना ते झोंबतं. डबीतलीच पुढची विकरं त्या झोंबऱ्याचा निरुपद्रवी माल करतात, आणि तो माल डबीच्या भिंतीतल्या बारीक भोकांतून बाहेर पडतो. तोवर झोंबरं आत कोंडलेलं राहतं. ते मोकळं सुटलं तर जिवाणू स्वतःच्याच विषाने आजारी पडतो. हे दाखवण्यासाठी आम्ही मुद्दाम एक वाण ठेवलाय, ज्याची एक फरशी काढून टाकलीय. त्याची डबी जमतच नाही. तेच उघडे. त्यांना वाढवायचं ते चमचाभर, काचेच्या पडद्यामागे, वर पंखा चालू ठेवून.

आणि बंद वाढतात ते दोन हजार लिटरच्या टाकीत, समोरच्या इमारतीत. त्या टाकीवर माझा धाकटा भाऊ काम करतो. त्रेचाळीस वर्षांचा घोडा झाला तरी घरात त्याला धाकटाच म्हणतात. आठ वर्षांपूर्वी त्याला मीच इथे चिकटवला. लहानपणापासून त्याची छाती नाजूक. थंडी पडली की रात्र रात्र उशीला टेकून बसायचा. त्याची बायको तेव्हा म्हणाली होती, कारखाना नको बाई, धूर असतो. मी तिला म्हटलं, आमच्याकडे धूर नाही, आमच्याकडे सगळं कोमट पाण्यात चालतं.

तर दहा वाजून दहा मिनिटांनी मायक्रोस्कोपवाल्याचा फोन आला. हा माणूस तळघरात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपाशी बसतो, दिवसभर अंधारात, आणि बोलतो इतक्या हळू की जणू त्याचे जिवाणू जागे होतील.

"मॅडम, टाकीतलं सँपल साहेबांनी पाठवलं होतं बघा. वाढ थांबलीय म्हणून. विषाणू लागलाय का बघायला सांगितलं होतं."

"लागलाय?"

"नाही. विषाणू नाही. पण डब्याच नाहीत. दोनशे पेशी बघितल्या मी. एकाही पेशीत डबी नाही."



"नीट बघितलंत?"

"तीनदा बघितलं. साहेबांना अजून सांगितलं नाही. म्हटलं, कुपी तुम्ही दिली होती, आधी तुमच्या कानावर घालावं."

"बरं केलंत," मी म्हटलं. "मी बघते. तोवर थांबा जरा."

तोवर थांबा. हे शब्द माझे.  चार दिवसांपूर्वी ती कुपी मी स्वतः काढून दिली होती. टोपी निळी होती, एवढं लख्ख आठवत होतं. मग डब्या गेल्या कुठे? आणि तेवढ्यात मला आठवलं. तीन महिन्यांपूर्वी उघड्यांच्या आठ नव्या कुप्या भरल्या, तेव्हा लाल टोप्या संपल्या होत्या. पुरवठादार म्हणाला, परवा येतील. कुप्या उघड्या ठेवता येत नाहीत. म्हणून मी त्यांना निळ्या टोप्या लावल्या आणि खोक्यावर चिठ्ठी चिकटवली: आठही उघडे, टोप्या बदलायच्या. लाल टोप्या आल्या. मी त्या कपाटात ठेवल्या. बदलायचं राहून गेलं.

राहून गेलं! दुसऱ्या कुणाचं असं राहून गेलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं.

मी फ्रीझर उघडला. थंड वाफ अंगावर आली. जाड हातमोजे घालून ते खोकं बाहेर काढलं. खोक्यावर चिठ्ठी नव्हती. खालच्या कप्प्याच्या कडेला बर्फात एक कागद अडकलेला दिसला. तो खरवडून काढला, तर त्यावर माझंच अक्षर. खोक्यातल्या कुप्या मोजल्या. आठ हव्या होत्या. सात निघाल्या.

मी खोकं टेबलावर ठेवलं.  डोळ्यांसमोर काय काय आलं म्हणून सांगू! साहेबांचा चेहरा आला. गेल्या वर्षी एका पोरीने एका कुपीवर चुकीची तारीख लिहिली, तेव्हा मी तिला जे जे बोलले होते, ते शब्द आले. ती पोर आता दुसऱ्या विभागात आहे आणि जिन्यात भेटली की भिंतीकडे बघते. टोपीबाईच्याच टोप्या चुकल्या, हे ती कसं हसून सांगेल, तेही मला ऐकू आलं. फार घाबरले होते मी. एवढी घाबरले होते की मला माझ्याशिवाय दुसरं कुणी दिसत नव्हतं.

मग मी जे केलं ते असं. कपाटातून लाल टोप्यांची पिशवी काढली. खोकं कोरड्या बर्फावर ठेवलं. पहिली निळी टोपी फिरवून काढली आणि लाल लावली. माझा हिशेब सोपा होता. खोक्यात सगळ्या लाल दिसल्या की चौकशीला आलेल्या माणसाला काय दिसणार? सगळं नियमाप्रमाणे. मग टाकीत डब्या का नाहीत? असेल काहीतरी, बदलले असतील जिवाणू, बदलतात कधीकधी. टाकी तर वाया गेलीच आहे, ती काही माझ्या कबुलीने परत येत नाही. कुणाचं काय बिघडणार आहे?

दुसरी टोपी. तिसरी. थंडीने बोटं बधिर झाली होती आणि टोपी आट्यांवर बसत नव्हती. बाहेर कुणाची पावलं वाजली की श्वास रोखून धरत होते. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि डब्यातला खाऊ चोरताना पकडल्यासारखी दाराकडे बघत होते.

चौथी टोपी लावली आणि खिडकीतून फुस्स असा आवाज आला. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून वाफेचा जाड पाइप जातो. त्यात वाफ चालू असली की मधूनमधून तसा आवाज होतो. बावीस वर्षं ऐकतेय, कधी मान वर केली नव्हती.

त्या दिवशी केली. वाढ थांबलेली टाकी म्हणजे वाया गेलेली, ती तपासणीची वाट न बघता फेकून देणार. आणि फेकायच्या आधी जिवाणू मारावे लागतात, तसेच गटारात सोडता येत नाहीत. मारायचे म्हणजे टाकी तापवायची, वाफेवर, एकशे एकवीस अंशांपर्यंत. हे मला माहीत होतं. झोंबरं पन्नासच्याही आधी उकळतं, हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होत्या आणि मी टोप्या फिरवत बसले होते.

चमचाभर नाही. दोन हजार लिटरमधलं झोंबरं, जिवाणूंच्या अंगातून पाझरून दोन दिवस साचलेलं. आणि टाकी तापवताना वरच्या छोट्या कॉकमधून आधी हवा काढून टाकतात. आमच्याकडे ती हवा खोलीतच सोडतात. नळीने बाहेर न्यायला हवी, पण एरवी त्यातून उकडलेल्या कालवणासारखा वास येतो, एवढंच, म्हणून कुणी नळी लावत नाही. टाकीवरच्या लोखंडी माचावर एक माणूस उभा राहतो, कॉकवर हात ठेवून, तोंड तिथेच, पांढरी वाफ कधी येते ते बघत. तो माणूस म्हणजे धाकटा.

 मी टाकीच्या खोलीत फोन लावला. वाजत राहिला. माचावरून फोन ऐकू येत नाही. धाकट्याचा मोबाइल कपाटात असणार, आत नेऊ देत नाहीत. मी फोन तसाच टाकला आणि धावले.

दोन जिने, मग पटांगण. पटांगणात कोणीतरी "अहो मॅडम, सावकाश!" म्हणालं. मला धाकट्याची छाती दिसत होती, आठ वर्षांच्या पोराची, बरगड्या आत ओढणारी. देवाचं नाव घ्यायची मला सवय नाही. मी नुसतं "नको, नको" म्हणत होते.

वाफेचा मुख्य वॉल्व्ह दाराबाहेर भिंतीवर असतो. तिथे फिटर स्टुलावर बसून घड्याळ बघत होता. मी लांबूनच ओरडले, "वाफ बंद कर! बंद कर आधी!"

"अहो, आत्ताशी पंधरा मिनिटं..."

"बंद कर म्हणते ना! आत विष आहे!"

माझ्या तोंडाकडे बघून तो उठला आणि चाक फिरवायला लागला. मी दार ढकललं. आधी सडक्या सफरचंदासारखा गोड वास आला, आणि पाठोपाठ डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. डोळे मिटले जात होते. वर माचावर धाकटा कठड्यावर वाकून लोंबकळत होता. खोकत नव्हता. खोकायला श्वास लागतो. एक हात कॉककडे गेलेला, बोटं चाचपडत होती, आणि कॉकमधून सूं सूं चालूच होतं.

"धाकट्या! खाली उतर!"

त्याने माझ्याकडे मान वळवली, पण डोळे मिटलेले होते. मी कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं.

मी भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे गेले, तेव्हा फिटर मागून किंचाळला, "बटणाला हात लावू नका! ठिणगीने पेट घेईल!" तो कपाटातून वायूचा मास्क काढून पट्टे ओढत होता. मी मालाच्या मोठ्या शटरकडे वळले. त्याला हाताने ओढायची साखळी आहे. ती साखळी मी ओढली, पुन्हा ओढली, पुन्हा. शटर बोटभर उठायचं. घसा आतून सोलला गेल्यासारखा झाला होता. कमरेएवढं उठलं तशी हवा आत घुसली आणि मी खाली बसले. तेवढ्यात फिटरने त्याला खांद्यावर घेतलेलं दिसलं. लोखंडी पायऱ्यांवर धाकट्याचे बूट आपटत येत होते.

पटांगणात निजवलं तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता आणि मध्येच तो आवाज थांबायचा. थांबला की मी मोजायचे. एक, दोन, तीन. पाचापर्यंत एकदा गेलं. तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि पुन्हा वाटण्याएवढी ताकद आता माझ्यात नाही.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीण म्हणाली, आत्ता बरा दिसतोय, पण अशा वायूने छातीत पाणी उशिरा भरतं. चोवीस तास बघायचं. त्याआधी काही सांगता येणार नाही. त्याचे डोळे लालभडक झाले होते, पण औषध घातल्यावर उघडले होते. दुपारी साहेब आले. हातात अपघाताचा कागद.

साहेब मला म्हणाले, "तुम्ही नसतात तर काय झालं असतं! मायक्रोस्कोपवाल्याने सांगितलं मला. त्याचा फोन आला आणि तुम्ही तडक धावलात."

 त्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा म्हणून चालला असता. मधली पंचवीस मिनिटं कुणी पाहिली नव्हती. मायक्रोस्कोपवाला तळघरात घड्याळ न बघता काम करतो.

साहेब कागद घेऊन पलंगाशी बसले. "आता एवढंच सांग, कॉक किती उघडला होतास?"

धाकट्याने ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. आवाज घासलेला, तुटक. "साहेब... चूक माझीच असेल. अर्धा उघडायचा असतो. मी जास्त उघडला असेल. वास आला तेव्हा उतरायला हवं होतं. म्हटलं, हवा काढायची राहिली तर तुम्ही ओरडाल." मग श्वास घेऊन म्हणाला, "कामावरून काढू नका साहेब."

साहेब लिहायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. कामगाराने कॉक प्रमाणापेक्षा जास्त... मला पुन्हा तीच सकाळची भीती वाटली. आणि मला तिची किळस आली.

"ते खोडा," मी म्हटलं.

साहेबांनी वर बघितलं.

"त्याची चूक नाही. कुपी उघड्यांची होती. टोप्या मी चुकीच्या लावल्या होत्या, तीन महिन्यांपूर्वी. फोन दहा वाजून दहाला आला. मी लगेच धावले नाही. मी टोप्या बदलत बसले होते, कुणाला कळू नये म्हणून. चार बदलल्या. तीन अजून निळ्या आहेत, खोकं टेबलावरच आहे, जाऊन बघा."

साहेबांचा हात थांबला. धाकटा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याजवळ गेले, हात धरायला. त्याने हात चादरीखाली घेतला.

"टोप्या बदलत होतीस?" तो म्हणाला. "ताई, मी आत होतो."

"हो रे."

"तुला माहीत होतं मी आत आहे?"

"माहीत होतं. सुचलं नाही." 

त्याने मास्क परत नाकावर बसवला आणि डोळे मिटले. "ताई, तू जरा बाहेर थांब," मास्कच्या आतून म्हणाला. आजवर त्याने मला कुठूनही बाहेर काढलं नव्हतं.

बाहेर लांब बाकडं होतं. मी तिथे बसले. दाराच्या काचेतून त्याची छाती वर जाताना, खाली येताना दिसत होती, आणि ती जरा रेंगाळली की मी उठून उभी राहायचे. चोवीस तासांतले चार झाले होते. टोकाकडून भावजय धावत आली. ओढणी एका खांद्यावरून लोंबत होती, एकाच पायात चप्पल. तिने मला बघितलं आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.

"वन्सं, खाली सगळे सांगताहेत, तुम्ही आत शिरलात म्हणून. तुम्ही तिथे आहात म्हणूनच मी त्यांना रोज कामावर पाठवते हो. नाहीतर माझा धीरच झाला नसता."

 माझं नाव आता साहेबांच्या कागदावर लिहून झालं असेल, त्याची भीती मला उरली नव्हती. होती ती हिच्या तोंडाकडे बघायची. मी तिचे हात गळ्यातून सोडवले, तिला बाकड्यावर बसवलं आणि लाल टोप्या संपल्या त्या दिवसापासून सगळं सांगायला लागले.